ग्राहक क्रमांक सत्तेचाळीस

३ मार्च, सोमवार

निवृत्त होताना छापखान्याने मला घड्याळ दिलं, आणि बांधणीखात्यातल्या मित्राने हा जाडजूड ग्रंथ. एका शब्दकोशाची बांधणी कशी दिसेल ते पाहायला केलेला नमुना. पुठ्ठा भारी, पाठीला कापड, आत एकही अक्षर नाही. घड्याळ कधीच बंद पडलं. ग्रंथ नऊ वर्षं कोराच राहिला. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर स्वतःच्या करायला माणूस बिचकतो.

आज लिहायला बसलो, कारण सकाळी वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून चष्म्याच्या घरात लपवली आहे. बायकोला सांगता येत नाही आणि पोटात राहत नाही.

बायकोला ऐकू कमी येतं. कानाचे डॉक्टर म्हणाले, यंत्र लावलं की चिमणी खिडकीत उतरली तरी कळेल. यंत्राची किंमत सांगितली तेव्हा काही क्षण मलाच काही ऐकू आलं नाही. बिस्किटांच्या डब्यात आम्ही दोन वर्षं पैसे टाकतो आहोत. डबा आत्ता कुठे निम्म्याच्या वर आला आहे.

घाई तिच्यापेक्षा मला जास्त. रोज संध्याकाळी दिवे लागले की मी तिला शाळेच्या पुस्तकांतल्या कविता वाचून दाखवतो. चौथीच्या पुस्तकातली माझी लाडकी:

उतरणीवर ऊन थांबले, घंटा वाजे शाळेची,
पाटी पुसुनी पोर निघाले, वाट धरी ओढ्याची.

कवीचं नाव मला कधीच कळलं नाही, पानाचा तो कोपरा फाटलेला होता. या दोन ओळी म्हटल्या की ओल्या पाटीचा वास येतो आणि माझं वय आठ होतं. पूर्वी तीही डोळे मिटून ऐकायची. आता डोळे मिटते आणि घोरते. कारण कानच, दुसरं काय असणार?

एके काळी सगळं उलट होतं. छापखान्यात प्रुफं दोघांनी तपासायची असतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, अगदी विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. वाचायला एक मुलगी ठेवली होती. "प्रवाशांनी स्वल्पविराम आपले सामान स्वल्पविराम सांभाळावे पूर्णविराम" हे तिने पहिल्या दिवशी वाचलं आणि मी तीन चुका सोडल्या. सहा वर्षं ती वाचत होती. मग आमचं लग्न झालं आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं.

जाहिरात लॉटरीची आहे. म्हणजे लॉटरी जिंकण्याच्या सल्ल्याची. "शास्त्रशुद्ध सल्ला दर मंगळवारी टपालाने." मला आधी त्यातल्या तीन चुका दिसल्या, मग अर्थ.

५ मार्च, बुधवार

सल्लागार सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. पूर्वी छत्र्या विकायचा. न खपलेल्या तीसेक छत्र्या अजून कोपऱ्यात उभ्या आहेत, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारख्या. माणूस गोरागोमटा, बोलणं लोण्यासारखं, हनुवटीवर दाढी करताना लागल्याची खूण.

मी भोळा नाही. बसल्या बसल्या विचारलं, "तुम्हाला आकडे कळतात, तर तुम्ही स्वतः तिकीट का काढत नाही?"

तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "काका, सुईण मूल घरी घेऊन जाते का?"

याला काय उत्तर द्यायचं ते मला जिना उतरेपर्यंत सुचलं नाही. तोवर वर्गणी भरली होती. दर आठवड्याला एक नोट. डब्यातूनच घेतली, पण ती डब्यासाठीच घेतली, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

पत्रं घरी नकोत म्हणून आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याचा पत्ता दिला. त्यालाही जाहिरात आवडली. आता तोही ग्राहक आहे.

११ मार्च, मंगळवार

पहिलं पत्र आलं. सहा आकडे आणि वर अर्धं पान मजकूर. मजकुरात चौदा चुका. "विश्वास" हा शब्द तीनदा, तिन्ही वेळा निराळ्या पद्धतीने. हात शिवशिवले. तिकीट काढून आलो, मग लाल शाईने सगळं पत्र तपासलं, समासात रीतसर खुणा केल्या आणि सल्लागाराला परत पाठवून दिलं. आकड्यांना हात लावला नाही. ते त्याचं क्षेत्र.

१५ मार्च, शनिवार

सोडत झाली. सहापैकी एकही आकडा आला नाही. सल्लागाराला फोन केला. म्हणाला, सहाच्या सहा चुकणं हेसुद्धा वाटतं तितकं सोपं नसतं. घरी येऊन बराच वेळ विचार केला. खरं आहे ते.

१९ मार्च, बुधवार

सल्लागाराने बोलावून घेतलं. माझं लाल पत्र भिंतीवर टाचलेलं होतं. म्हणाला, आयुष्यात कोणी आपल्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. मग खाली बघत कबूल केलं की आकडे त्याला दाढी करताना सुचतात, त्यात अडचण नाही. अडचण वरच्या मजकुराची आहे. गिऱ्हाइकाला पत्र उघडल्यावर काहीतरी वाटलं पाहिजे. ते मी लिहीन का?

मी होकार दिला. अडतीस वर्षांत कोणी मला "लिहा" म्हटलं नव्हतं, "बघा" म्हणत.

मोबदल्यात वर्गणी माफ करतो म्हणाला, आणि लगेच गंभीर झाला. फुकटच्या सल्ल्याला गुण येत नाही, असा त्याचा अनुभव आहे. मलाही ते पटलं. तेव्हा ठरलं असं, की मजकूर मी लिहायचा आणि वर्गणीही मी भरायची.

२५ मार्च, मंगळवार

माझं पहिलं पत्र आज मलाच आलं. मजकूर मला पाठ होता, तरी पाकीट जिन्यातच फोडलं. छापून आलं की आपलंच वाक्य जाणत्या माणसाचं वाटतं. मी लिहिलं होतं, "आशा हे उतरणीवर थांबलेलं ऊन आहे, तथापि ते थांबलेलं आहे, हे विसरू नये." वाचून इतका धीर आला की एकाऐवजी दोन तिकिटं काढणार होतो. एकच काढलं.

४ एप्रिल, शुक्रवार

पत्रं लोकांना आवडतात. सल्लागार म्हणतो, ग्राहक वाढले. इस्त्रीवाला तर गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो. मला म्हणाला, "काका, हा सल्लागार मोठा सोसलेला माणूस असणार. बाई सोडून गेली असेल त्याला." मी शर्टांच्या घड्या मोजत राहिलो. एवढा मान मला गुप्त राहून कधी मिळाला नव्हता.

बायको सकाळी चादरी घेऊन खाली गेली ती पाऊण तासाने आली. गालातल्या गालात हसत होती. चादरींना इस्त्री छान बसली असावी.

१३ एप्रिल, रविवार

रविवारी मुलीचा फोन येतो. आधी मी दोन शब्द बोलतो, मग बायको फोन घेते आणि नातीशी बोलते. म्हणजे पोर तिकडून किलबिल करते आणि ही इकडून "बरं, बरं" म्हणते. मी तोवर पुस्तक उघडून, पानात बोट घालून बसतो. आज फोन लांबला. नंतर तीन कविता वाचल्या. दुसऱ्या कवितेच्या सुरुवातीलाच ती झोपली. यंत्राची फार गरज आहे.

डबा हलका वाटला. मी घेतो त्यापेक्षा जास्त हलका. अक्षरांत मुरलेल्या माणसाचं गणित कच्चं राहतं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज माझ्या हातून मोठं संकट टळलं.

सल्लागाराने आडनावांच्या क्रमाने लावलेली ग्राहकांची यादी तपासायला दिली. चाळता चाळता माझं आडनाव दिसलं, सेहेचाळीसावं, इस्त्रीवाल्याच्या पत्त्यावर. बरोबर. खाली सत्तेचाळीसावं पुन्हा माझंच आडनाव, आमचीच इमारत, पण दुसरा मजला. ही नोंदीची जुनी चूक असते. लिहिणाऱ्याची नजर वरच्या ओळीवर घसरते आणि एकच माणूस दोनदा उतरतो. म्हणजे काही आठवडे एक पत्र सरळ माझ्या घरी जात असणार. टपाल येतं तेव्हा मी वाचनालयात असतो. बायकोच्या हाती कसं लागलं नाही, कोण जाणे. बहुधा पोस्टमनने शहाणपणाने खालीच टाकलं असावं.

दुबार नोंद लाल शाईने खोडली आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकाने वर सरकवले. काम चोख झालं.

२९ एप्रिल, मंगळवार

बायको आज तीनदा खाली जाऊन आली. टपालखातं बिघडलंय म्हणाली. चहात साखर विसरली. तिचं असं क्वचितच होतं.

६ मे, मंगळवार

आज जे घडलं ते सावकाश लिहितो.

सल्लागाराने एक पोस्टकार्ड पुढे केलं. म्हणाला, "हे तुमच्या खात्यातलं आहे, मास्तर." मी मास्तर नाही, पण तो तसंच म्हणतो. कार्ड असं:

"महाशय, मागच्या मंगळवारपासून पत्र आलं नाही. आकडे नाही पाठवले तरी चालेल, त्यांची मला गरज नाही. वरचा मजकूर मात्र पाठवत जा. आमच्या घरी रोज मोठ्याने वाचन होतं, पण मला ऐकू येत नाही. तुमचं पत्र निवांत दोनदा वाचता येतं. ऊन थांबतं तो भाग तीनदा वाचला. ग्राहक क्रमांक सत्तेचाळीस."

एक वाचक. चोपन्न ग्राहकांत एक अशी, की जिला आकडे नकोत, मी हवा आहे. आणि बाईच असणार. अक्षर गोल, वळणदार, आमच्या वेळच्या शाळेतलं. असं अक्षर आता कुठे दिसत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तेवढं आहे.

बिचारीला ऐकू येत नाही, आणि घरचं माणूस मोठमोठ्याने वाचत बसतं. काही माणसांना समोरच्याची पर्वाच नसते.

वाटेत नवा कंगवा घेतला. बायको बराच वेळ त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

८ मे, गुरुवार

ग्राहक सत्तेचाळीसला निराळं पत्र लिहायला बसलो. छापील नव्हे, माझ्या हाताने. दुपारी बायको शेजारी बसून बटणं लावत होती, म्हणून वर हिशेबाचा कागद धरला. आमच्या लग्नाला चाळीसवर वर्षं झाली, तिच्यापासून मी काही लपवलेलं नाही. डबा, तिकिटं, वर्गणी आणि पत्रं सोडून. आता त्यात हे.

"प्रिय वाचक," असं सुरू केलं. शेवटी लिहिलं, "तुमचं कार्ड मी उशीखाली ठेवलं आहे." ठेवलं नव्हतं. पत्र टाकून आल्यावर ठेवलं, म्हणजे मजकूर खोटा ठरणार नाही.

पत्ता नव्या यादीतून सल्लागाराने घातला.

२० मे, मंगळवार

दोन आठवड्यांत तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. लाजाळू असेल. कालच्या पत्रात शाळेच्या मधल्या सुट्टीचं वर्णन केलं: नळावरची रांग, पाठीवर दप्तराचा ओला डाग, आणि ती घंटा, जी अजूनही कधी कधी कानात वाजते. लिहिताना डोळे भरले. वर बघितलं तर बायको माझ्याकडेच बघत होती. तिने नुसतं विचारलं, "हिशेब जुळत नाही का?"

रात्री उशीचा अभ्रा तिने बदलला होता. कार्ड जिथल्या तिथे होतं. नशीब.

२३ मे, शुक्रवार

सल्लागाराच्या खोलीत बसलो होतो. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि एक आडदांड माणूस आत आला. खिशातून किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता. तो बाजारातला कुलूपवाला. त्याने माझी तिन्ही पत्रं टेबलावर आपटली.

"हे कोण लिहितं?"

सल्लागाराने माझ्याकडे बघितलं नाही. इतकं बघितलं नाही, की कुलूपवाल्याला कळलं.

"अहो आजोबा," तो म्हणाला, "मी आकड्यांचे पैसे भरतो. दोन आठवडे मी तुमची अक्षरं मोजतोय. ऊन म्हणजे किती? नळावरच्या रांगेत पोरं किती, ते तरी लिहायचं. आणि हे उशीखाली काय ठेवलंय तुम्ही? हे बायकोने वाचलं. सोमवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. दुकानातच झोपतोय मी."

मी म्हणालो, आपण ग्राहक सत्तेचाळीस ना, आपणच कार्ड पाठवलंत. त्याने शपथेवर सांगितलं की लग्नानंतर त्याने कोणालाही कार्ड पाठवलेलं नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत तो अठ्ठेचाळीस होता.

सल्लागाराने कपाटातून जुनी यादी काढली. सत्तेचाळीसाव्या ओळीवर माझी लाल रेघ. सरळ, एकटाकी, बिनचूक. खाली माझं आडनाव, दुसरा मजला. मग अभ्रा बदलल्यापासून खिशात ठेवत होतो ते कार्ड काढून पुन्हा बघितलं. "साखर", "मीठ", "मोहरी" हे शब्द त्यात नव्हते, एवढंच.

कुलूपवाल्याच्या बायकोला खुलासा लिहून दिला. तो त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, यात ऊन नाही, हे बरं झालं.

२४ मे, शनिवार

काल घरी जायचं धैर्य झालं नाही, म्हणजे गेलो, पण बोललो नाही. आज बोललो. जसं झालं तसं लिहितो. बायकोचं एवढं बोलणं लिहून घ्यायची ही माझी पहिलीच वेळ.

ती फडक्याने कपाट पुसत होती. मी समोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "सत्तेचाळीस."

"ओरडू नका," ती म्हणाली. "खाली इस्त्रीवाला तेवढ्या आकड्याचं तिकीट काढेल."

मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, एप्रिलातच. इस्त्रीवाल्याने कौतुकाने पत्र वाचायला दिलं. दुसऱ्या वाक्यात "तथापि" होतं.

"लॉटरीवाला माणूस कधी तथापि लिहितो का? सहा वर्षं रोज आठ तास वाचून दाखवलंय मी तुम्हाला. तुमचं वाक्य मला अंधारात हाताला लागेल."

मग तिने सरळ जाऊन वर्गणी भरली होती. डब्यातूनच, तीन आठवडे.

"अगं, पण पैसे कशाला भरायचे? मीच वाचून दाखवलं असतं."

"तेच तर. तुम्ही वाचता ते मला ऐकू येत नाही. नुसती घरघर येते, पिठाच्या गिरणीसारखी. झोप लागते छान. कागदावर वाचलं तेव्हा कळलं, बरं लिहिता की."

मी खाली बसलो. ती पुसत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मग पत्र बंद झालं. तुम्हीच खोडलंत ना मला?"

"दुबार नोंद वाटली."

"चाळीस वर्षं संसार केला," ती म्हणाली, "आणि दुबार नोंद."

यावर ती हसली, म्हणून मीही हसलो. पण ती लवकर थांबली. म्हणाली, "कार्ड टाकलं तेव्हा वाटलं, अक्षर बघून संध्याकाळी हसत घरी याल. तुम्ही कंगवा घेऊन आलात."

मग तिने डबा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, तिकिटं किती काढलीत. मी म्हणालो, आजचं धरून अकरा.

"लागलं काय?"

"एकदा तीन आकडे अगदी शेजारून गेले."

"मी एकही काढलं नाही. मला तीन पत्रं मिळाली, मी ती सात-सात वेळा वाचली. सांगा, सल्ल्याचे पैसे कोणाचे वसूल झाले?"

मी डब्यात वाकून पाहिलं. डबा मार्चातल्यापेक्षा बराच खाली गेला होता. मी म्हणालो, तुला माझ्या कविता नीट ऐकू याव्यात म्हणूनच हा सगळा खटाटोप केला.

तिने डब्याचं झाकण लावलं. "कवितांसाठी नव्हतं हो हवं मला यंत्र. रविवारी नात काय बोलते, ते ऐकायचं होतं. दोन वर्षं नुसती बरं बरं म्हणते आहे. ती काय विचारते तेसुद्धा मला माहीत नाही."

एवढं बोलून ती फडकं धुवायला गेली. दोन वर्षं दर रविवारी मी चार हातांवर बसलो होतो. पानात बोट घालून.

आज सोडत होती. निकाल बघितला नाही.

२ जून, सोमवार

छापखान्यात गेलो. अक्षरांचे खिळे गेले, शाईचा वास गेला, सगळीकडे संगणकाचे पडदे. व्यवस्थापक माझ्या वेळी दाराशी गठ्ठे बांधायचा. मी काम मागितलं. तो संकोचून म्हणाला, आगगाड्यांचं नवं वेळापत्रक आलं आहे, चारशे पानं नुसते आकडे, तरुण मुलं दहाव्या पानावर झोपतात. मी म्हणालो, द्या. आकड्यांचा मला ताजा अनुभव आहे.

येताना सल्लागाराचा निरोप घेतला. तो लॉटरी सोडून केस वाढवण्याच्या सल्ल्यात उतरतो आहे. वरचा मजकूर मीच लिहावा म्हणाला. मी टोपी काढून डोकं दाखवलं. जाताना त्याने एक छत्री दिली. तीन महिन्यांत त्याच्याकडून हातात आलेली ही पहिली खरीखुरी वस्तू.

इस्त्रीवाल्याला सगळं सांगून टाकलं: मजकूर माझा होता आणि आकडे सल्लागाराला दाढी करताना सुचत. त्याने इस्त्री उभी केली, विचार केला आणि म्हणाला, "काका, दाढी कोणकोणत्या वारी करायचा, तेवढं विचाराल का?"

२१ जून, शनिवार

दोनशे चाळीस पानं झाली. एकतीस चुका. एक गाडी सुटायच्या आधीच पोचत होती. व्यवस्थापकाने हात जोडले.

बायको दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसते. न सांगता मूळ कागद घेते आणि वाचते, "सात वाजून पाच मिनिटे स्वल्पविराम फलाट दोन पूर्णविराम." आवाज जरा जाड झाला आहे, बाकी तोच. पहिल्या दिवशी मी पुन्हा तीन चुका सोडल्या.

७ जुलै, सोमवार

यंत्र आलं. पैसे एकाच कानापुरते झाले. कुठला कान, असं डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "फोनचा."

दवाखान्यातून बाहेर पडलो. ती दोन पावलं चालून थांबली आणि मला म्हणाली, तुमचा बूट वाजतो, कधीपासून? मी म्हणालो, चार वर्षं झाली.

१३ जुलै, रविवार

फोन आला. आज मी पुस्तक घेतलं नाही. हात मांडीवर ठेवून बसलो आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. आधी ती हसली, मग कान टवकारला, मग रंग उतरला.

नात तिला आठवण करून देत होती. दोन वर्षांच्या बरं-बरंमध्ये आजीने कबूल केलं आहे की नातीचं कासव सुट्टीभर आमच्याकडे राहील, आजी त्याच्यासाठी लोकरीचं पांघरूण विणेल, आणि आजोबा पोहायला शिकतील.

"कासवाबरोबर," बायकोने फोनवर हात ठेवून मला सांगितलं.

"नाही म्हण."

तिने हात काढला आणि फोनमध्ये म्हणाली, "बरं." या वेळी ऐकून म्हणाली.

संध्याकाळी दिवे लागले. सवयीने माझा हात पुस्तकाकडे गेला. तिने यंत्र काढून डबीत ठेवलं. बॅटरी जपावी लागते म्हणाली. मग उशीखालून पाकीट काढलं. परवा मी आमच्याच पत्त्यावर टाकलेलं पत्र, ग्राहक क्रमांक सत्तेचाळीस, दुसरा मजला. आत आकडे नाहीत. नळावरची रांग आहे, ओला डाग आहे, आणि वाचायला ठेवलेली एक मुलगी आहे.

"मी वाचते," ती म्हणाली, "तुम्ही बघा."

मी लाल पेन्सिल घेऊन बसलो. ती पूर्वीसारखीच वाचत होती, ठसक्यात, प्रत्येक चिन्हासकट. "तथापि" आलं तेव्हा चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं. मी चुका शोधत होतो, पण मला दोन ओळींपलीकडे दिसत नव्हतं. दिव्याचा प्रकाश कमी असावा.

शेवटच्या वाक्याच्या शेवटी मी पूर्णविराम दिला होता. चांगला ठळक. ती तिथे आली, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "स्वल्पविराम."

मी दुरुस्त केलं नाही.